काकांचा अखत्यार

हिंदुस्थानचा कारभार कसा चालवावा हे ज्याला पुरतं कळलं होतं असा एकच माणूस मी आयुष्यात पाहिला, आणि तो आमच्या मावशीचा नवरा होता. त्या वर्षांत विलायतेत मोठमोठी माणसं एका टेबलाभोवती बसून दिल्लीनं काय करावं, प्रांतांनी काय करावं आणि संस्थानिकांना कुठे बसवावं याचा खल करत होती. बोटीनं जात होती, बोटीनं परत येत होती. आणि आमचे काका पोलादपूरजवळच्या कापड्याच्या पुढे, उमरठच्या वाटेवरच्या आपल्या गावात, पडवीतल्या बाकावर बसून त्या सगळ्यांची मनापासून कीव करत होते. "एवढा समुद्र ओलांडायची काय गरज होती? आमच्याकडे यायचं. चार वाड्या, एक देवी. जेवूनखाऊन निवांत समजावून दिलं असतं," असं ते म्हणत. हे ते थट्टेनं म्हणत नसत. काकांना थट्टा येतच नसे, आणि दुसऱ्यानं केलेली कळतही नसे.

काकांचं शिक्षण मराठी फायनलपर्यंत. तरुणपणी काही वर्षं त्यांनी मुंबईत एका सॉलिसिटरच्या कचेरीत कारकुनी केली होती. तिथली हवा मानवली नाही म्हणून परत आले, पण येताना एक शब्द घेऊन आले, तो म्हणजे अखत्यार. माणसं भांडतात ती जमिनीवरून नव्हे, पाण्यावरून नव्हे, बायकांच्या बोलण्यावरून तर मुळीच नव्हे. कुठली गोष्ट कुणी ठरवायची हे ठरलेलं नसतं म्हणून भांडतात, असा त्यांचा सिद्धांत होता. तो सांगताना ते उजवा हात पुढे करत, "हे तुमचं", डावा हात पुढे करत, "हे आमचं", आणि मग दोन्ही हात छातीशी जोडत, "आणि हे सामाईक." नव्या माणसाला वाटे की म्हातारा नमस्कार करतोय, आणि तोही घाईघाईनं हात जोडी. काकांना त्यात आपल्या मताला मिळालेली संमती दिसे. बाजाराच्या दिवशी ते महाडला येत, आमच्या ओटीवर बसून आठवड्याभराची शिळी वर्तमानपत्रं एका बैठकीत वाचून काढत, आणि मी एका वकिलांकडे कारकून असल्यामुळे सरकारनं केलेल्या सगळ्या चुकांबद्दल मलाच जाब विचारत. संघराज्याच्या मसुद्यात त्यांना सगळ्यांत मोठं भगदाड एकच दिसे. केंद्राचं लिहिलं, प्रांताचं लिहिलं, दोघांचं मिळूनही लिहिलं; पण जे कुणालाच सुचलं नाही आणि लिहायचं राहून गेलं, ते कुणाचं? हा प्रश्न त्यांनी एकदा जेवताना मावशीलाही घातला. "एवढं सगळं वाटून झाल्यावर उरतं, ते कुणाचं?" मावशीनं भाताच्या पातेल्यात डोकावून पाहिलं आणि म्हणाली, "उद्या सकाळी तुमचंच. फोडणी घालून देईन."

घरातला कारभारही याच तत्त्वावर चाले, निदान काकांची तशी समजूत होती. फणस झाडावर असेतो काकांच्या अखत्यारीत, अंगणात उतरला की मुलासुनांच्या, आणि गरे काढून परातीत आले की मावशीच्या. स्वयंपाकघराला ते संस्थान म्हणत आणि उंबऱ्याशी थांबून "येऊ का?" असं विचारल्याशिवाय आत पाऊल टाकत नसत. या आदराचा एक फायदा असा होता की आतलं कुठलंच काम त्यांच्याकडे येत नसे. मावशीला हे कळायला वेळ लागला नाही. एकदा तिनं त्यांना विचारलं, "विहिरीचं पाणी कुणाच्यात येतं?" काका क्षणाचाही विचार न करता म्हणाले की पाणी म्हणजे सामाईक विषयाचं उत्तम उदाहरण. "मग धरा कळशी," मावशी म्हणाली. त्या दिवसापासून एक कळशी काका आणत. तत्त्वासाठी माणसानं झीज सोसली पाहिजे, असं ते मला ओल्या धोतरानं सांगत.

त्यांच्याबरोबर प्रवास करणं हा एक अनुभव होता. महाड-पोलादपूर मोटारीत एकदा आम्ही शेजारी बसलो होतो. गाडीत माणसांइतक्याच कोंबड्या, टपावर गाठोडी, आणि काका उन्हाळ्यातही गळ्यापर्यंत बटणं लावलेल्या काळ्या कोटात. त्यांनी ड्रायव्हरला समजावून दिलं की गाडी हा ड्रायव्हरचा विषय, रस्ता सरकारचा आणि गाठोडं ज्याचं त्याचं. मग कुणी कुणावर ओरडण्याचं कारणच उरत नाही. ड्रायव्हर महाडचाच होता, सगळ्या तालुक्याला ओळखून होता. त्यानं विचारलं, "आनि ही धूळ, काका?" काकांनी रुमालानं तोंड पुसलं. "धूळ सामाईक," ते म्हणाले, आणि पोलादपूर येईपर्यंत त्या उत्तरावर खूश होते.

आजारपणातही त्यांनी शिस्त सोडली नाही. पोट त्यांनी पोलादपूरच्या वैद्यांकडे सोपवलं होतं आणि छाती महाडच्या डॉक्टरांकडे. दोघांनी आपापल्या प्रांतात काय वाटेल ते करावं. पण एका हिवाळ्यात खोकला झाला. डॉक्टर म्हणाले छातीचा, वैद्य म्हणाले पित्ताचा, म्हणजे पोटाचा. काकांनी दोघांना एकाच दिवशी बोलावलं, खाटेच्या दोन बाजूंना बसवलं आणि आधी आपापसांत ठरवा, मग औषध द्या, असं सांगून डोळे मिटून घेतले. त्या दोघांनी तोवर एकमेकांचं तोंडही पाहिलेलं नव्हतं. बोलता बोलता निघालं की दोघांची सासुरवाडी एकाच गावची. मग त्या गावची माणसं, त्या गावचे आंबे, तिथल्या एका लग्नात झालेली मानापमानाची गोष्ट, असं करत दुपार झाली. पोहे झाले, चहा झाला, आणि दोघेही एकाच बैलगाडीतून बोलत बोलत निघून गेले. औषध द्यायचं राहिलं ते राहिलंच. खोकला दोन-चार दिवसांनी आपोआप थांबला. "समन्वय झाला, दुसरं काय," काका म्हणाले.

आता हे सगळं ऐकून कुणाला वाटेल की काका नुसते बोलघेवडे होते. तसं नव्हतं. त्यांच्या गावाच्या चार वाड्या होत्या: नदीवाडी, आमराईवाडी, जिथे देवीचं देऊळ आणि काकांचं घर ती देऊळवाडी, आणि डोंगरावर पार वरती टेपवाडी. देऊळ, वाड्यांना जोडणाऱ्या वाटा आणि गावाची शीव हे गावकीचं. विहीर, पाणंद, सोयरीक हे ज्या त्या वाडीचं. वणवा आणि रान सामाईक, अशी वाटणी काकांनी गावकीच्या बैठकीत सगळ्यांच्या गळी उतरवली होती आणि ती बऱ्यापैकी चालतही होती. एकदा टेपवाडीच्या गोठ्यातून बिबळ्यानं वासरू नेलं. गावकीत प्रश्न निघाला. काकांनी निकाल दिला की वासरू वाडीचं, पण बिबळ्या शीव मानत नाही, सबब बिबळ्या गावकीचा. टेपवाडीचा थोरला म्हणून एक म्हातारा होता, साऱ्या वाडीच्या वतीनं तोच बोले. तो शांतपणे म्हणाला, "गावकीचा हाय ना? मंग गावकीनं येवन हाकला." बाकीचे हसले. काका हसले नाहीत. दुसऱ्या दिवशी तो काळा कोट घालून, रॉकेलचा रिकामा डबा आणि काठी घेऊन ते टेपवाडीचा चढ चढले, आणि आठवडाभर रोज जाऊन रानाच्या कडेनं डबा बडवत हिंडले. बिबळ्या गेला. डब्याला भ्याला की काकांच्या भाषणाला, यावर अजून गावात मतभेद आहेत. पण केंद्रानं पत्करलेलं काम केंद्रानं केलं, हे टेपवाडी विसरली नाही.

आणि तरीही फुटायला निघाली ती टेपवाडीच.

शिमग्याला देवीची पालखी देवळातून निघते आणि एकेक करत साऱ्या वाड्यांत जाते. एका वाडीचे खांदेकरी तिला शिवेपर्यंत आणतात. तिथे दुसऱ्या वाडीचे खांदे लागतात. वाडीतल्या ओट्यावर पालखी बसली की मानकऱ्यानं देवीला गाऱ्हाणं घालायचं, म्हणजे साऱ्यांच्या वतीनं मोठ्यानं मागणं मागायचं, आणि प्रत्येक मागण्याला जमलेल्यांनी "व्हय म्हाराजा" म्हणून साथ द्यायची. हे गाऱ्हाणं घालण्याचा मान काकांच्या घराकडे होता. चारी वाड्यांत तेच बोलत. त्यांचा आवाज खणखणीत होता आणि गाऱ्हाणं वडिलांकडून आलेलं, अक्षर न बदललेलं: पाऊस वेळेवर पाड, भात पिकव, गुरंढोरं राख, रोगराई शिवेबाहेर ठेव. कुणाचं नाव त्यात घ्यायचं नाही, हा तर कडक नेम. एकाचं घेतलं तर साऱ्यांची घ्यावी लागतील आणि देवी एका वाडीतच अडकून पडेल, असं काका म्हणत.

टेपवाडीचं म्हणणं एवढंच होतं की आमच्या ओट्यावर आमचा माणूस बोलेल. नाहीतर आम्ही आमची पालखी करतो. हे नुसतं बोलणं नव्हतं. मुंबईला गिरणीत असलेल्या त्यांच्या मुलांनी लाकूड धाडलं होतं आणि पोलादपूरच्या सुताराकडे काम सुरूही झालं होतं. पालखी वेगळी झाली की देवी वेगळी, देवी वेगळी की गाव वेगळं. काका त्या आठवड्यात महाडला आले ते वर्तमानपत्राला हातही न लावता बसून राहिले. मग माझ्यावर बरसले. पाणंदी द्या, विहिरी द्या, सगळं दिलं. आता देवीशी बोलणंही दिलं तर केंद्राकडे काय उरलं, नुसती घंटा? मी भीतभीत म्हणालो की काका, तुम्हीच तर सांगता, ज्याचं दुखणं त्याच्या अखत्यारीत. ते छत्री उचलून निघून गेले. चहासुद्धा घेतला नाही.

त्या रागात आणखी एक गोष्ट होती, आणि ती साऱ्या गावाला ठाऊक होती. काकांचा धाकटा मुलगा घर सोडून मुंबईला गेला होता. त्याला गिरणीत जायचं होतं, काकांना तो शेतावर हवा होता. या घरातलं माझ्या अखत्यारीत, असं काका म्हणाले तेव्हा तो म्हणाला, "मग माझे पाय तरी माझ्या अखत्यारीत असू द्या," आणि गेला. तिथे त्याला आसरा दिला टेपवाडीच्या मुलांनी, आपल्या खोलीत. मावशीला त्याची खुशाली टेपवाडीच्या बायकांकडून कळे. काकांपुढे त्याचं नाव कुणी काढत नसे, आणि तेही काढत नसत.

शिमग्याआधीची गावकीची बैठक देवळाच्या पायऱ्यांवर भरली. मी त्या वर्षी मुद्दाम गेलो होतो. काकांनी नेहमीप्रमाणे मांडणी केली: पालखी गावकीची, गाऱ्हाणं गावकीचं, वाडीनं फक्त ओटा सारवायचा. अगदी बिनतोड बोलले. टेपवाडीचा थोरला खाली मान घालून ऐकत होता. बायका बैठकीत बोलत नसत, पण खालच्या पायरीपाशी थोरल्याची भावजय उभी होती, तिचे दोन मुलगे मुंबईला होते. ती तिथूनच म्हणाली, "तुमी देवीला सांगताव गुरां राख, भात पिकव. आमच्या वाडीत भात किती नि गुरां किती? आमचा पीक म्हंजे ती पोरां हायती. त्यांची नावां देवीला कोन सांगनार?"

काकांनी उजवा हात पुढे केला, डावा पुढे केला, आणि ते दोन्ही हात तसेच हवेत राहिले. बैठक काही न ठरताच उठली. घरी येताना मावशीनं विचारलं की काय झालं, तर म्हणाले, "अभ्यास करावा लागेल." पण त्यांनी कसलाही अभ्यास केल्याचं मला दिसलं नाही. पडवीत बसून ते टेपवाडीच्या डोंगराकडे बघत राहिले.

पालखीच्या दिवशी टेपवाडीच्या शिवेवर सारं गाव जमलं होतं. वर जाणार की इथूनच परत फिरणार, हे कुणालाच ठाऊक नव्हतं. ढोल थांबले. देऊळवाडीचे खांदेकरी उभे राहिले आणि काका पुढे झाले. गाऱ्हाण्याचा नारळ त्यांच्या हातात होता. तो त्यांनी टेपवाडीच्या थोरल्यापुढे धरला. "इथून पुढे तुमचा अखत्यार," ते म्हणाले. "पालखी गावाची. बोलणं वाडीचं. आमच्या घराण्यानं आजवर सांभाळलं, आता तुम्ही सांभाळा." एवढं बोलताना त्यांचा आवाज जराही हलला नाही. उलट हे आधीपासूनच घटनेत होतं आणि आपण फक्त वाचून दाखवतोय, असा त्यांचा चेहरा होता. थोरल्यानं नारळ घेऊन कपाळाला लावला. मग टेपवाडीचे खांदे लागले, ढोल वाजले आणि आम्ही सगळे तो चढ चढलो.

ओट्यावर पालखी बसली. थोरल्याला गाऱ्हाणं येत नव्हतं. त्यानं आयुष्यात कधी घातलंच नव्हतं. तो अडखळत एकेका मुलाचं नाव घेऊ लागला, आईच्या नावासकट, कुठल्या खात्यात काम करतो त्यासकट. कुणाला खोकला आहे, कुणाचं लग्न अडलंय, कुणी दारूच्या नादाला लागलाय. प्रत्येक नावाला बायकांचा आवाज पुरुषांच्या वर चढत होता, "व्हय म्हाराजा." काका मागे, गर्दीत उभे होते. देवीसमोर गर्दीत उभं राहण्याची त्यांची ती पहिलीच वेळ. नावं संपत आली आणि थोरला थांबला. नारळ हातात, मान वळवून तो गर्दीत शोधू लागला. काका दिसले तसं म्हणाला, "आमच्या खोलीत आनखी एक पोरगा हाय. ऱ्हातो आमच्यात, पन हाय देऊळवाडीचा. त्याला कोनाच्यात धरायचा?"

सगळ्यांची तोंडं काकांकडे वळली. मावशीनं पदर तोंडाशी धरला होता. काकांनी घसा साफ केला.

"सामाईक," ते म्हणाले. "घ्या त्याचं नाव."

थोरल्यानं नाव घेतलं. त्याला बरा ठेव, त्याच्या हाताला यश दे, त्याला घरची वाट दिसू दे, असं म्हणाला. साऱ्यांनी साथ दिली. सगळ्यांचं म्हणून झाल्यावर, जरा उशिरानं, एकट्या काकांचा आवाज आला. तो खणखणीत नव्हता. मला रडू आलं हे सांगायला मला लाज वाटत नाही.

सुताराकडचं लाकूड पुढे टेपवाडीच्या शाळेचे बाक करायला गेलं. बाकीच्या दोन वाड्यांनीही पुढल्या वर्षी आपापलं बोलणं मागितलं, आणि काकांनी ते, जणू आपलीच योजना टप्प्याटप्प्यानं अमलात येते आहे अशा थाटात, देऊन टाकलं. मुलगा त्या पुढल्या शिमग्याला आला. टेपवाडीच्या पोरांबरोबर आला, घरी राहिला, त्यांच्याबरोबरच परत गेला. बापलेक फारसं काही बोलले नाहीत. पण जाताना काका त्याला सोडायला पोलादपूरच्या मोटारीपर्यंत गेले. रस्ता सरकारचा असला तरी चालायला हरकत नाही, असं त्यांनी मावशीला सांगितलं. दिल्लीच्या संघराज्याचं घोडं मात्र कुठेतरी अडलं. काकांना त्याचं नवल वाटलं नाही. त्यांच्याकडे बैठकीत खालच्या पायरीवरून बोलणारं कुणी नसेल, एवढंच ते म्हणाले.

काकांकडे शेवटी फक्त देऊळवाडीचं गाऱ्हाणं राहिलं. आणि तेही त्यांनी बदललं. नाव न घेण्याचा वडिलार्जित नेम मोडून ते नावं घेऊ लागले, आणि एकदा घेऊ लागल्यावर त्यांना थांबता येईना. खांदेकरी एका पायावरून दुसऱ्या पायावर होत, ढोलवाले ढोल खाली ठेवून बसत, "व्हय म्हाराजा" म्हणता म्हणता आमचे घसे सुकत. पण मधे कुणी बोलत नसे. ते वैद्यांचं नाव घेत, डॉक्टरांचं घेत, मोटारीच्या ड्रायव्हरचं घेत. त्यांच्या शेवटच्या शिमग्याला मी मागे उभा होतो. आवाज बारीक झाला होता, शब्द नीट कळत नव्हते. एकाएकी माझं नाव ऐकू आलं. महाडात असतो, वकिलाकडे मान मोडून काम करतो, त्याला सुखात ठेव, असं ते देवीला सांगत होते. महाड काही काकांच्या अखत्यारीत नव्हतं. स्वतःच्या नावाला साथ कशी द्यायची ते मला कळेना, बाकीच्यांनी दिली.

मी अजून जातो शिमग्याला. चारी वाड्यांत गाऱ्हाणी होतात, चांगली होतात, ज्याची त्याची माणसं ज्याची त्याची नावं घेतात. माझं नाव आता कुणी घेत नाही. मी तिथला नाहीच, त्यांनी तरी का घ्यावं? तरी शेवटचं नाव होऊन ढोल वाजेपर्यंत मी तिथून हलत नाही.